दुसरा कान

तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेला भरीव झंकार देणारी घडण, उघडली की नाही, हे ज्याच्या हातात कानस असते त्याला कळत नाही. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पाठीवर तासन्‌तास कानस फिरवताना त्याचा कान त्या आवाजाला इतका सरावतो की बंद सूरही त्याला उघडा भासू लागतो. म्हणून मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत एक रीत पाळली जाते. काम करणाऱ्याने काम करावे आणि निवाडा दुसऱ्याने द्यावा. कारागीर तार छेडतो आणि पाठ फिरवून बसलेल्या माणसाला एवढेच विचारतो, "उघडली का?" त्या माणसाने घोडीकडे पाहायचे नसते, कारागिराच्या चेहऱ्याकडे तर मुळीच नाही. त्याने फक्त ऐकायचे. त्याला गल्लीत 'दुसरा कान' म्हणतात.

श्रीकर टेंबे याच्या कामाच्या खोलीत लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून हा दुसरा कान गौतमीचा होता. ती बहुधा स्वयंपाकघरात असे. कामाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पातळ भिंत होती. पलीकडून चार तारा वाजत, प्रश्न येई आणि भाजी निवडता निवडता ती उत्तर देई, "अजून नाही." कधी दिवसभर 'अजून नाही' चाले. मग एखाद्या क्षणी तारेतून असंख्य सूक्ष्म स्वरांचा झोत उसळे, जणू एका ज्योतीवरून शंभर वाती लागाव्यात, आणि ती म्हणे, "उघडली." त्यानंतर श्रीकर कानशीला हात लावत नसे. सव्वीस वर्षांत त्याने हा प्रश्न दुसऱ्या कोणालाही विचारला नव्हता.

त्या गुरुवारी सकाळी ती चहा घेऊन निघाली तेव्हा दारापाशीच तिला तारा ऐकू आल्या. पाठोपाठ प्रश्न आला. उत्तरासाठी तिचे ओठ विलगलेही होते. तोच खिडकीकडून दुसराच आवाज आला.

"उघडली, काका. पण खर्ज अजून जरा लाजतोय."

खिडकीपाशी पाठमोरी बसली होती ती रेवा हसबनीस, तंबोरा दुरुस्तीला घेऊन आलेली गायिका. श्रीकर मोठ्याने हसला.

"लाजणाऱ्याला फार ओरबाडू नये. तारेखालचा दोरा सरकवून बघू."

गौतमीने चहा चौरंगावर ठेवला. श्रीकरने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर हसू अजून होते, पण तिच्याकडे पाहताना ते नेटके, अदबशीर झाले.

"थँक यू, गौतमी," तो म्हणाला.

ज्या घरात सव्वीस वर्षे चहासाठी कोणी कोणाचे आभार मानले नव्हते, त्या घरात हे दोन शब्द तिला चटक्यासारखे लागले.

*

श्रीकरच्या आजाराला नऊ वर्षे झाली होती. त्याला विषाद म्हणावे की अवसाद, याची चर्चा विद्वानांनी करावी. गौतमीपुरता तो एक बंद दरवाजा होता. श्रीकर सकाळी उठे, दात घासे आणि पुन्हा जाऊन आडवा होई. तारा गंजल्या. गिऱ्हाइके आधी थांबली, मग इतरत्र गेली. एके दुपारी तो घरात दिसेना, तेव्हा ती पायांत काही न घालता कृष्णेच्या घाटापर्यंत धावत गेली. तो शेवटच्या पायरीवर उभा होता. तिने हाक मारली नाही, नुसता हात धरला. तो हात पुढे नऊ वर्षे तिने सोडला नाही, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

औषधे झाली. पहिल्या गोळीने तोंडाला इतकी कोरड पडे की तो सतत जिभेखाली खडीसाखर ठेवी. दुसरीने बोटांना बारीक कंप आणला. ज्याचे काम केसाएवढ्या फरकावर चालते, त्याच्या बोटांना कंप म्हणजे काय, हे सांगायला नको. तिसरीने कोरडही आणली नाही, कंपही आणला नाही, पण मन पाटासारखे सपाट करून टाकले. "पंचम आणि खर्ज यांतला फरक मला कळतो," तो तेव्हा म्हणाला होता, "पण मला त्यानं काही फरक पडत नाही." ती गोळी त्याने स्वतःच नाकारली.

मग 'विशोक' आले.

सांगलीच्या मनोचिकित्सालयात डॉ. शाल्मली वाघचौरे यांनी दोघांना समोर बसवून ते औषध समजावून सांगितले होते. "आपल्याला वाटतं, आठवण म्हणजे दगडावरची रेघ. तशी ती नसते. आठवण जितक्या वेळा आठवावी तितक्या वेळा ओल्या मातीसारखी मऊ होते आणि पुन्हा सुकते. सुकताना थोडी बदलते. आजाऱ्याच्या मनात दुःखाच्या आठवणी रोज ओल्या होतात आणि रोज अधिक खोल उमटून सुकतात. जुनी औषधं सगळी मातीच जरा सैल करायची, तीही आठवडेच्या आठवडे घेऊन. विशोक तसं करत नाही. गोळी घेतल्यानंतरचा एक तास ते माती पूर्ण ओली ठेवतं. त्या तासात जे जुनं मनासमोर येईल त्याची आठवण राहते, पण तिच्यातला भाव धुऊन जातो. आणि त्या तासात जे नवं भेटेल, त्यावर मात्र गडद रंग चढतो."

त्यांनी श्रीकरच्या मनगटात एक कडे घातले. नाडी आणि घाम यांवरून ते कडे त्या तासाचा आरंभ ओळखे आणि त्यावर एक हिरवा ठिपका उजळे. तास सरला की ठिपका मावळे.

"एक पथ्य आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आजारपणातल्या गोष्टी या तासात आणायच्या त्या इथे, माझ्यासमोर, एकेक ठरवून. घरी हिरव्या तासात त्यांना काहीतरी नवं करू द्या. बागकाम म्हणा, एखादी नवी भाषा म्हणा. आजारपणातलं काही नको."

गौतमीने मान हलवली. आजारपणातल्या गोष्टी म्हणजे कोणत्या, हे तिला पूर्ण ठाऊक होते. ओढलेले पडदे, बंद दार, कृष्णेचा घाट. त्या यादीत स्वतःचे नाव घालावे हे तिच्या मनाला शिवलेही नाही, आणि कोणाच्या मनाला शिवले असते?

विशोकची गोळी तिन्हीसांजेला असे. नऊ वर्षे त्याच वेळेला ती देवापाशी दिवा लावून त्याच्या उशाशी बसत आली होती. आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी ती त्याच्या पायांवर घाली, त्याचे डोके मांडीवर घेई आणि लहानपणी पाठ केलेले स्तोत्र हलक्या आवाजात म्हणे. मग मुगाच्या मऊ खिचडीचे चार घास. त्या काळ्या वर्षांत दिवसातला हा एकच तास त्याला सोसवत असे. तो एकदा म्हणाला होता, "एवढ्यासाठी मी दिवस काढतो." ते वाक्य तिने देवासारखे जपले होते. औषध सुरू झाल्यावर तो तास बंद करावा असे तिला का वाटावे? उलट, तो बरा होताना आपण त्याच्याजवळ असावे, एवढीच तिची इच्छा होती.

आणि तो खरोखर बरा होत गेला. एका सकाळी कामाच्या खोलीचे दार आपण होऊन उघडले गेले. कानशीचा आवाज आला तेव्हा ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिला रडू कोसळले.

त्याच सुमारास दुसरेही काही होऊ लागले. खिचडीचा घास घेऊन तो म्हणाला, "यात लसणीची फोडणी घालता येईल का? अगदी आजाऱ्याचं जेवण वाटतं." पुढे गोधडी त्याने घडी करून कपाटात ठेवली, उकडते म्हणाला. ते दिवस पौषातले होते. तिला भय वाटले. तिने संध्याकाळचे स्तोत्र एकदाच्या जागी दोनदा म्हणायला सुरुवात केली, गोधडी पुन्हा काढली, त्याच्या केसांतून हात फिरवत घाटावरच्या त्या दुपारपासूनचे सारे त्याला आठवून देऊ लागली. आपण किती सोसले हे सांगण्यासाठी नव्हे. तो हळूहळू दूर चालला होता आणि तिच्यापाशी ओढून धरायला तेवढाच एक दोर होता. मनगटावरचा हिरवा ठिपका त्या वेळी शांतपणे तेवत असे.

*

रेवा आली तीही अशाच एका तिन्हीसांजेला, हिरवा ठिपका तेवत असताना. दार गौतमीनेच उघडले. कोल्हापूरची ही तिशीतली गायिका आपल्या गुरूंचा तंबोरा घेऊन आली होती. गुरू गेल्यानंतर तो तिच्याकडे आला होता, आणि त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला तिला तोच घेऊन गायचे होते. सांगलीच्या कारखान्यात आता यंत्राने जवारी कोरून मिळे, पण तिला हाताची हवी होती. तंबोरा सोडून ती जाईना, म्हणून मिरजेतच मावशीकडे राहिली आणि एकाआड एक दिवस येऊ लागली.

रेवा देखणी नव्हती. देखणी असती तर बरे झाले असते. मत्सराला मग एक ओळखीची वाट मिळाली असती, आणि त्या वाटेवर चालणाऱ्या बाईला समजावायला चार बायका तरी भेटल्या असत्या. ती श्रीकरला काका म्हणे, दारात चपला नीट जोडून ठेवी, कपबशी स्वतः विसळी. तिच्यात दोष काढायला गौतमीला जागाच सापडेना, आणि त्यामुळे तिचे मन अधिकच पेटे. षड्रिपूंची नावे घेताना मत्सराचे नाव सर्वांत शेवटी घेतात. कदाचित तो इतर पाचांच्या मागे उभा राहून त्यांच्या जाण्याची वाट पाहत असावा. गौतमीच्या मनात काम, क्रोध, लोभ यांना नऊ वर्षांत फुरसत मिळाली नव्हती. घर रिकामे होते; हा एकटा आत आला आणि मालक होऊन बसला.

भर घातली ती शेजारच्या शकूरचाचांनी. भिंतीला भिंत लागून त्यांचे सतारीचे दुकान होते, आणि ऐंशीव्या वर्षीही गल्लीतली कोणतीही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"वैनी, श्रीकर लई खुशीत दिसतोय हल्ली," ते कट्ट्यावरून म्हणाले. "त्या पोरीसाठी आज दोनदा च्या सांगितला. मला नऊ वर्षांत एकदा इचारलं न्हाई."

"तुम्हाला साखर चालत नाही ना, चाचा."

"मग बिनसाखरेचा इचारावा की. इचारायला साखर लागती व्हय?"

गौतमी हसली आणि घरात येऊन कितीतरी वेळ कोथिंबीर निवडत राहिली. जुडी संपली तरी बोटे चालूच होती.

एके दिवशी श्रीकर तारा आणायला गेला असताना रेवा स्वयंपाकघराच्या दारात आली.

"काकू, तुमचा कान म्हणे गल्लीत प्रसिद्ध आहे."

"कोण म्हणालं?"

"काकाच. म्हणाले, गौतमीचा कान कधी चुकत नाही."

"आणखी काय म्हणाले?"

रेवा जरा घुटमळली. "एवढंच. का हो?"

"मग तुला का विचारतात?"

हे वाक्य इतके उघडे पडले की गौतमीलाच त्याची लाज वाटली. रेवाने खाली पाहिले.

"मी त्यांना विचारलं होतं ते, काकू. म्हटलं, काकूंना बोलावू का? तर म्हणाले, तिला कशाला त्रास, तिनं पुष्कळ केलंय. मला वाटलं, तुम्हाला बरं नसेल."

तिने पुष्कळ केले आहे. एखाद्या सेवानिवृत्त माणसाच्या सत्कारात म्हणतात तसे. दुसऱ्याच दिवशी गौतमी एकटीच सांगलीला गेली.

*

डॉ. वाघचौरे यांनी सारे ऐकून घेतले. मग त्यांनी एकच विचारले.

"हिरव्या तासात तुम्ही त्यांच्याजवळ असता?"

"रोज."

"काय करता?"

"जे नऊ वर्षं करत आले तेच." तिने दिवा सांगितला, गोधडी सांगितली, स्तोत्र, खिचडी, घाटाच्या गोष्टी. सांगता सांगता तिचा आवाज मंदावत गेला. समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावर रागाचा लेश नव्हता, आणि त्यावरूनच तिला उमगले.

"मी म्हणाले होते, आजारपणातलं काही नको," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "दोष माझा आहे. मी स्पष्ट नाव घ्यायला हवं होतं. त्यांच्या आजारपणात सगळ्यांत मोठी गोष्ट तुम्ही होता, गौतमीताई."

"म्हणजे मीच मला पुसलं."

"त्यांच्या आठवणीतून नाही. आठवण पूर्ण आहे."

"भाव."

"हो."

खिडकीबाहेर रुग्णालयाच्या आवारात कोणीतरी नळीने रोपांना पाणी घालत होते. गौतमी ते पाहत राहिली.

"गोळी बंद केली तर?"

"हळूहळू उतरवता येते, माझ्या देखरेखीखाली. भाव परतू शकतो. पण तो भाव आणि त्यांचं दुःख एकाच ओल्या मातीत उमटले होते. तुम्ही परत याल, पण एकट्या येणार नाही. शिवाय निर्णय त्यांचा असायला हवा."

निर्णय त्याचाच असावा, म्हणून तिने त्याच संध्याकाळी, ठिपका मावळल्यावर, त्याला सारे सांगितले. तो नीट ऐकत होता. मध्येच उठून त्याने तिला पाणीही आणून दिले.

"मला सगळं आठवतं," तो म्हणाला. "घाटावर तू आलीस तेव्हा तुझ्या पायात चपला नव्हत्या. टाचेतून रक्त येत होतं. पण ते कुणीतरी मला सांगितल्यासारखं आठवतं. आपल्याच घराण्यातल्या कुणा थोर बाईची गोष्ट असावी तसं. मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो."

"आदर."

"खोटं बोलू का?"

"नको."

"मी बंद करतो गोळी. तू म्हणशील तर उद्यापासून डॉक्टरांशी बोलतो."

"तुला बंद करावीशी वाटते?"

"तुला बरं वाटावं असं मला वाटतं. ते योग्य आहे."

ती म्हणू शकली असती, राहू दे. तो कानस धरतो आहे, हसतो आहे, लसणीची फोडणी मागतो आहे. याहून अधिक तिने नऊ वर्षांत देवाकडे काय मागितले होते? पण तिच्या डोळ्यांसमोर खिडकीपाशी पाठमोरी बसलेली रेवा आली.

"बंद कर," ती म्हणाली.

*

गोळीची मात्रा उतरत गेली. पहिल्या पंधरवड्यात काहीच घडले नाही. दुसऱ्या पंधरवड्यात तो सकाळी उशिरा उठू लागला. रेवाबरोबरचा चहा त्याच्यापुढे तसाच निवून जाई. कड्यातून डॉक्टरांकडे सूचना जात होत्या. त्यांचा फोन येई, आणि गौतमी सांगे, "थोडं थांबू या." मग एका संध्याकाळी तो कामावरून उठून आला, देवाजवळ बसलेल्या तिच्याशेजारी टेकला आणि काही न बोलता त्याने तिचा हात धरला. पकड जुनी होती. बुडणाऱ्याची.

"तू आहेस ना?" त्याने विचारले.

गौतमीच्या सर्वांगातून आनंदाची लहर गेली. इतका निखळ आनंद तिला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. तिने कपाटातून गोधडी काढली, स्तोत्र म्हटले आणि आपण काय साजरे करत आहोत हे स्वतःला विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेवा तंबोरा न्यायला येणार होती. पुण्यतिथी परवावर आली होती. सकाळपासून खर्जाच्या तारेखाली श्रीकर अखेरचा हात फिरवत होता. गौतमी स्वयंपाकघरात होती. भिंतीपलीकडून कानशीचा आवाज येत होता, पण त्याची लय मोडलेली होती. कानस मध्येच अडे, मध्येच घसरे. मग चार तारा वाजल्या.

"गौतमी," त्याने हाक मारली, "उघडली का?"

तिने ऐकले. पंचम उघडा होता, जोडाच्या तारा उघड्या होत्या, पण खर्ज मेलेला होता. एखादा हात नको तेथे अधिक फिरला होता आणि तार घोडीवर पूर्ण बसली होती. त्या तारेतून नुसता बोथट ठोका येत होता. हे गल्लीतल्या कोणत्याही पोराला कळले असते.

किती दिवसांनी त्याने तिला विचारले होते. 'अजून नाही' म्हटले तर तो पुन्हा कानस घेईल, आणि त्या अडखळत्या हातांनी आणखी बिघडवेल. मग रेवा येईल, ऐकेल आणि काहीतरी गोड बोलून त्याला हसवेल. असे पुष्कळ विचार तिच्या मनात आले, पण खरे कारण त्यांपैकी एकही नव्हते. खरे कारण एवढेच की त्या प्रश्नाचे उत्तर तिला आनंदाने द्यायचे होते.

"उघडली," ती म्हणाली.

दुपारी रेवा आली. तंबोरा मांडीशी उभा धरून तिने डोळे मिटले आणि चारही तारा छेडल्या. पुन्हा छेडल्या. मग डोळे उघडून तिने श्रीकरकडे नव्हे, दारात उभ्या असलेल्या गौतमीकडे पाहिले.

"काकू, तुम्ही ऐकलात हा?"

"तिनं ऐकलाय," श्रीकर म्हणाला. त्याची दाढी वाढली होती, आवाज खोल गेला होता. "गौतमी उघडली म्हणाली की मी पुढं विचारत नाही. ती चुकत नाही."

रेवा काही बोलली असती तर बरे, असे गौतमीला वाटले. ती मुकाट्याने तंबोऱ्याला गवसणी चढवू लागली. हा मेलेला खर्ज घेऊन ती परवा आपल्या गुरूंच्या तसबिरीपुढे बसणार होती, कारण या घरातल्या एका शब्दाचा मान तिला मोडायचा नव्हता.

"काढ ती गवसणी," गौतमी म्हणाली. "बंद आहे. सकाळीच बंद होती. मी खोटं बोलले."

श्रीकरने मान वर केली.

"का?"

"तू मला विचारलंस म्हणून."

यावर तो रागावेल असे तिला वाटले; रागावला असता तर तिने ते प्रसादासारखे घेतले असते. पण त्याने फक्त आपल्या हातांकडे पाहिले.

"तुझी चूक नाही," तो म्हणाला. "मलाच कळलं नाही. मला आता काही कळेनासंच झालंय. माझ्या हातून हे होणं नाही, गौतमी. मी कशालाच उपयोगी नाही." त्याने कानस खाली ठेवली, उठून खिडकीपाशी गेला आणि भर दुपारी पडदा ओढून घेतला.

पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकल्याचा आवाज गौतमीच्या ओळखीचा होता. तो नऊ वर्षे तिने ऐकला होता. तिच्याकडे परत आलेला माणूस घाटाच्या शेवटच्या पायरीवरून परत आला होता, आणि ती पायरी तो बरोबर घेऊन आला होता. काल संध्याकाळी तिने ज्याचा उत्सव केला ते हेच होते.

तिने रेवाला बाहेर आणले. "शकूरचाचांकडे घेऊन जा. त्यांना म्हणावं, घोडीची पाठ नव्याने घासून घ्या, वैनी रात्रीपर्यंत कान द्यायला येऊन बसेल." मग तिने डॉक्टरांना फोन लावला. श्रीकरला तिने सारे स्पष्ट सांगितले आणि विचारले. अंधारातून तो म्हणाला, "तू म्हणशील तसं."

"मी म्हणेन तसं नको," ती म्हणाली. "मी मागच्या खेपेला चुकीचं म्हणाले. तुला काय हवंय?"

"मला पुन्हा ऐकू यायला हवंय," तो म्हणाला.

*

विशोक पुन्हा सुरू झाले. चैत्रात पडदे उघडले. कानशीची लय परतली, लसणीची फोडणी परतली आणि त्यांच्या मागोमाग "थँक यू, गौतमी" हेही परतले. रेवाचा कार्यक्रम चांगला झाला होता. शकूरचाचांनी लावलेल्या खर्जाचे कौतुक सांगायला ती एकदा येऊन गेली. श्रीकर तिच्याशी हसला, बोलला. गौतमीला जे वाटायचे ते वाटलेच. ते जाईल अशी आशा तिने सोडून दिली होती. गोधडी तिने धुऊन ट्रंकेत तळाशी ठेवली. स्तोत्र ती आता पहाटे म्हणे, एकटी, देवासमोर, जेथे कोणतेही कडे उजळत नव्हते.

एका तिन्हीसांजेला, मनगटावर हिरवा ठिपका उमटल्यावर, ती कामाच्या खोलीत गेली. सव्वीस वर्षांत ती तेथे चहा देण्यापुरती गेली होती. कोपऱ्यातल्या डब्यात ती बिघडलेली घोडी पडली होती. शकूरचाचांनी रेवाच्या तंबोऱ्याला शेवटी नवी बसवून ही परत पाठवली होती. तिने ती उचलली, श्रीकरच्या समोर बैठक मारली आणि एक कानस हातात घेतली.

"काय करतेस?" त्याने विचारले.

"शिकव मला."

"तुला? तुझा कान एवढा तयार. हात कशाला हवा?"

"कान तयार आहे म्हणून तर हात किती कच्चा आहे ते कळतंय."

तिने घोडीवर कानस ठेवून ओढली. कर्रर्र असा आवाज आला आणि भिंतीपलीकडून शकूरचाचा ओरडले, "कोण कापतंय रे कोंबडी?"

श्रीकरला हसू फुटले. "अगं, सुरी आहे का ती? अशी धर. अंगठा वर. मनगट हलवायचं नाही, खांद्यातून यायला हवं. इतका जोर नको. तिला फक्त समजवायचं असतं."

"कुणाला?"

"घोडीला. आणखी कुणाला समजवायला बसलीस?"

तिने पुन्हा कानस ओढली, पुन्हा चुकली, पुन्हा ओढली. त्याने तिच्या मनगटाला बोट लावून ते सरळ केले. बऱ्याच वेळाने तिने ती घोडी एका जुन्या तंबोऱ्यावर बसवली, तार ताणली आणि त्याला म्हणाली, "पाठ फिरव."

तो भिंतीकडे तोंड करून बसला. तिने तार छेडली.

"उघडली का?" तिने विचारले.

तो पुष्कळ वेळ ऐकत राहिला, तार थांबल्यानंतरही.

"अजून नाही," तो म्हणाला. मग वळला. त्याच्या चेहऱ्यावर ते हसू होते जे तिने आजवर खिडकीकडे वळलेले पाहिले होते. "पण हात वाईट नाही हं तुझा. उद्या बस परत. याच वेळेला. विसरशील?"

"नाही."

ज्या बाईकडे पाहून तो हसला होता, ती कानस धरायला आजच शिकली होती. ती घाटावर धावली नव्हती. तिने कोणाचे डोके मांडीवर घेतले नव्हते. त्याच्या लेखी तिला भूतकाळच नव्हता. त्या बाईचा गौतमीला हेवा वाटला. हिरवा ठिपका अजून मावळला नव्हता. तिने कानस पुन्हा उचलली, अंगठा वर ठेवला आणि खांद्यातून हात यावा अशी वाट पाहिली.